पश्चिमेच्या भिंतीपाशी हायड्रेंजिया: दोन उन्हाळ्यांच्या नोंदी

२६ फेब्रुवारी २०२३

घराच्या पश्चिम भिंतीला लागून सहा मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद असा मातीचा पट्टा आहे. सकाळी तिथे घराचीच सावली असते. दुपारी सव्वाबाराला ऊन येतं, भिंतीवर आपटतं आणि परत झाडांवरच पडतं. गेल्या तीन वर्षांत या पट्ट्यात हायड्रेंजियाची दोन झाडं गेली. दोन्ही मोठ्या पानांची, गोल भरगच्च गुच्छांची, मॅक्रोफिला जातीची. त्याच जातीचं आईने लावलेलं तिसरं झाड कोपऱ्यात अजून तग धरून आहे, पण दोन उन्हाळ्यांत त्याला एकही फूल आलेलं नाही.

"हायड्रेंजिया म्हणजे सावलीचं झाड, तिथे लावूच नकोस" हे मी इतक्यांदा ऐकलंय की तिथे दुसरं काहीतरी लावून मोकळं व्हावं असंही वाटून गेलं. पण मला तिथे हायड्रेंजियाच हवाय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट तोच पट्टा दिसतो. म्हणून या वेळी अंदाजाने काही करायचं नाही, मोजायचं आणि लिहून ठेवायचं. ठरवलंय ते एवढंच: २०२४ च्या उन्हाळ्यात इथे फुलं असली पाहिजेत, आणि ती टिकवायला रोज दुपारी पाइप घेऊन धावावं लागू नये.

आज दिवसभर दर अर्ध्या तासाने ऊन पाहिलं. सव्वाबारा ते चार. त्यानंतर सूर्य पलीकडच्या उंच झाडांमागे जातो. म्हणजे पावणेचार तास. वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी आहे.

मेलेलं दुसरं झाड संध्याकाळी उपटलं. फार जोर लावावा लागला नाही. कुंडीच्या आकाराच्या हुंडीसकट, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट, अलगद हातात आलं. खताच्या ढिगावर टाकलं.

११ मार्च

आज माती तपासली. पट्ट्याच्या मधोमध तीस सेंटिमीटर खोल खड्डा घेतला, पाण्याने भरला, ते पाणी जिरू दिलं आणि पुन्हा भरून पट्टी लावून बसले. तासाभरात पाणी १६ सेंटिमीटर खाली गेलं. निचरा चांगला आहे म्हणायचं तर हा जरा जास्तच चांगला.

काचेच्या बरणीत माती आणि पाणी घालून खूप हलवून ठेवलं होतं. पहिल्या मिनिटाभरात तळाशी बसली ती वाळू, पुढच्या काही तासांत बसला तो गाळ, आणि दुसऱ्या दिवशी वर जो पातळ गुळगुळीत थर दिसला ती चिकणमाती. दहा सेंटिमीटरच्या थरात वाळू साडेसहा, गाळ अडीच, चिकणमाती एक. म्हणजे वाळूसर पोयटा. या जमिनीत मुळं कुजण्याची भीती कमी, पण पाणी थांबत नाही. आणि थेंबाथेंबाने दिलेलं पाणी वाळूत आडवं पसरत नाही, सरळ खाली उतरतं. हे मी आज लिहून ठेवतेय खरं, पण ठिबकच्या नळ्या टाकताना लक्षात राहायला हवं.

पट्ट्यावर जुनी पांढरी खडी होती, ती सगळी काढली. दिसायला स्वच्छ, पण तापते आणि ऊन खालून पानांवर फेकते. खडीखालचं कापडही काढलं. मग पट्टाभर पाच सेंटिमीटर कंपोस्ट पसरून वरच्या वीस सेंटिमीटर मातीत मिसळलं. फक्त खड्ड्यात खत भरायचं मुद्दाम टाळलं, कारण मग मुळं त्या मऊ खड्ड्यातच फिरत राहतात आणि बाहेरच्या मातीत जातच नाहीत.

१९ मार्च

जात कोणती निवडायची यावर आठवडा गेला. सगळी मेख इथेच आहे असं माझं मत होत चाललंय. "हायड्रेंजियाला ऊन चालतं का?" या प्रश्नाला अर्थच नाही. कोणत्या हायड्रेंजियाला, ते आधी विचारायला हवं.

मॅक्रोफिला मूळची जपानच्या समुद्राकाठची, दमट हवेतली. पानं मोठी, मऊ. इतक्या मोठ्या पानांतून दुपारी जेवढं पाणी उडतं तेवढं मुळं पोचवू शकत नाहीत, मग जमीन कितीही ओली असो. शिवाय बहुतेक वाणांची फुलं जुन्या काडीवर येतात, म्हणजे पुढच्या वर्षीच्या फुलांचे डोळे याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी तयार होतात. त्या वेळी झाड पाण्याच्या ताणात असेल तर डोळे धरतच नाहीत. आईच्या झाडाला फूल का येत नाही, याचं उत्तर यातच असावं.

पॅनिक्युलाटा चीन, जपान, कोरियातल्या डोंगरउतारांवर, विरळ जंगलात आणि झुडपांच्या रानात वाढते. पानं लहान आणि जाडसर, काड्या लाकडी, फुलांचा तुरा गोल नाही, निमुळता. फुलं नव्या फुटीवर येतात, त्यामुळे थंडीत काड्या मेल्या किंवा छाटल्या तरी त्या वर्षीचं फूल जात नाही. हायड्रेंजियाच्या नेहमी लावल्या जाणाऱ्या जातींत उन्हाला सगळ्यात खमकी हीच. सावलीत उलट तिच्या काड्या लेच्यापेच्या होतात आणि तुरे लोंबतात.

तिसरी क्वर्सिफोलिया, ओकसारख्या कातरलेल्या पानांची. अमेरिकेच्या आग्नेय भागातली. विल्यम बार्ट्रम या निसर्गअभ्यासकाने १७७० च्या दशकातल्या भटकंतीत तिची नोंद केली आणि १७९१ मध्ये ती छापून आली. पान जाड, खालून लवदार. एकदा रुजली की बाकीच्या जातींपेक्षा कोरडेपणा जास्त सोसते, पाणी साचलेलं मात्र अजिबात खपत नाही. माझ्या वाळूसर जमिनीला ती शोभेल. फुलं जुन्या काडीवर, त्यामुळे तिला वसंतात कात्री लावायची नाही.

ॲनाबेल म्हणून प्रसिद्ध असलेली अर्बोरेसेन्स वगळली. तिचीही फुलं नव्या फुटीवर येतात आणि ओल असेल तर ऊनही चालतं, पण या भिंतीपाशी ओल टिकवणं हीच तर अडचण आहे.

नावाविषयीही आज एक गैरसमज दूर झाला. हायड्रेंजिया हे नाव ग्रीक भाषेतल्या "पाणी" आणि "भांडं" या दोन शब्दांवरून आलंय, म्हणून ते पाणीपिऊ झाड, असं मी धरून चालले होते. ते भांडं म्हणजे त्याचं बोंड आहे. सुकलेल्या बीजकोशाचा आकार इवल्या घड्यासारखा असतो, त्यावरून ग्रोनोव्हियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७३९ मध्ये ते नाव दिलं. आईच्या झाडाच्या जुन्या फुलांत असं बोंड शोधलं, सापडलं नाही. गोल गुच्छात बहुतेक फुलं वांझच असतात.

ठरलं: पॅनिक्युलाटाचं "लिटल लाइम" हे ठेंगणं वाण, तीन रोपं, आणि भिंत संपते त्या मोकळ्या टोकाला एक क्वर्सिफोलिया. आईचं झाड सध्या आहे तिथेच.

२ एप्रिल

लागवड झाली. कोपऱ्याकडून मोजत १, २, ३ हे लिटल लाइम आणि शेवटी क्वर्सिफोलिया. दोन झाडांत सव्वा मीटर, भिंतीपासून सत्तर सेंटिमीटर. भिंतीला चिकटून लावलं की हवा खेळत नाही आणि भाजतं ते वेगळंच.

खड्डा हुंडीच्या दुप्पट रुंद, पण खोली हुंडीइतकीच. लावण्याआधी प्रत्येक रोप कुंडीसकट बादलीत बुडवलं, बुडबुडे थांबेपर्यंत. कुंडीतून काढल्यावर कडेला मुळं गोल फिरलेली दिसली, पण फार नव्हती. हुंडी फुटू द्यायची नाही हे लहानपणापासून मनावर बिंबलेलं, म्हणून तशीच अलगद ठेवली.

प्रत्येक झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रिपर (ठिबकची तोंडं), खोडापासून तीस सेंटिमीटरवर, एक इकडे एक तिकडे. मुळं बाहेर ओढली जावीत म्हणून मुद्दाम लांब ठेवलेत. वर सात सेंटिमीटर सालपटांचं आच्छादन, खोडाभोवती हातभर नाही तरी वीतभर मोकळं सोडून.

१४ मे

चारही झाडं फुटली. लिटल लाइमच्या एका पेरावर कधी दोन पानं तर कधी तीन, हे मला ठाऊक नव्हतं. क्र. २ वर जवळजवळ सगळीकडे तीन.

खत दिलेलं नाही आणि देणारही नाही. नत्र जास्त झालं की लुसलुशीत पाला येतो, आणि पाला जितका जास्त तितकी तहान जास्त.

११ जून

ऊन पुन्हा मोजलं आणि पोटात गोळा आला. सव्वाबारा ते सात. पावणेसात तास!

फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला होता, म्हणून चार वाजताच झाडांमागे जात होता. आता तो वायव्येला मावळतो, झाडांच्या रांगेच्या पलीकडून, थेट पट्ट्यावर. उन्हाळ्यातल्या जागेचं ऊन उन्हाळ्यातच मोजायला हवं, ही साधी गोष्ट मी विसरले. माझा सगळा हिशोब पावणेचार तासांचा होता.

रात्री आठला भिंतीला हात लावून पाहिला. विटा अजून गरम. म्हणजे ऊन गेल्यावरही तासभर तरी झाडांची सुटका नाही.

मातीत पाच सेंटिमीटरवर थर्मामीटर खुपसला होता दुपारी तीनला: आच्छादन सरकवलेल्या उघड्या जागी ४१ अंश, आच्छादनाखाली २९. हायड्रेंजियाची मुळं बारीक आणि वरच्या थरातच असतात, त्यामुळे त्या सात सेंटिमीटर सालपटांवरच सगळं चाललंय.

२४ जून

दुपारी दोन वाजता चारपैकी तीन झाडांनी मान टाकली. आईच्या झाडाची तर पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मी बाहेर होते. परत आले तर आई पाइप घेऊन पट्ट्यात उभी. "अगं, किती तहानली होती बघ. मला बघवेना."

मला तरी कुठे बघवतं. पण दुपारी दोनला पानांकडे बघून पाणी द्यायचं नाही हे आपण ठरवलं होतं, ते तिला पुन्हा समजावून सांगितलं. पान कोमेजतं ते पाणी उडण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त झाला म्हणून. माती ओली असतानाही कोमेजतं. त्या वेळी आणखी पाणी दिलं तर उपयोग होत नाही, आणि भारी जमिनीत तर मुळं हवेवाचून गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांचं लक्षणही तेच: मान टाकणं. म्हणजे माणूस आणखी पाणी घालतो.

उद्यापासून दिवसातून चार वेळा पाहणी: सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी साडेसात, रात्री साडेनऊ. आई सकाळची नोंद घेईल म्हणाली. बांबूच्या काड्या आणल्यात, मातीत वीतभर खुपसायच्या, पाच मिनिटांनी काढून बघायच्या. ओली माती चिकटली तर पाणी नको.

१ जुलै

आठवड्याच्या नोंदींतून जे दिसलं ते असं. क्वर्सिफोलिया दुपारीही ताठ. क्र. १ आणि २ दुपारी कोमेजतात, रात्री साडेनऊपर्यंत सावरतात. त्यांची काळजी नाही. क्र. ३ मात्र सकाळी सातलाही लोंबलेलंच, सलग तीन दिवस. आणि आईच्या नोंदीत त्याच्यापुढे रोज एकच शब्द: "काडी ओली."

काडी ओली आणि झाड तहानलेलं. हे कोडं सुटेना म्हणून आज ऊन उतरल्यावर खुरपं घेऊन क्र. ३ च्या बुंध्याशी बसले.

ड्रिपरखालची माती काळपट, छान वाफशावर. मुठीत दाबली तर गोळा होत होता, बोटाने टोचला की फुटत होता. तिथून खोडाच्या दिशेने खरवडत गेले. दहा-बारा सेंटिमीटर गेल्यावर रंग एकदम बदलला. रेघ मारावी तसा. पलीकडे फिकट तपकिरी, बुचासारखं कोरडं काहीतरी, ज्यात बोट शिरेना. ती हुंडी होती. तिच्यावर चमचाभर पाणी ओतलं तर ते आत गेलंच नाही. थेंब मण्यासारखे वर बसले आणि घरंगळून कडेला ओल्या मातीत गेले.

झाडाची सगळी मुळं त्या कोरड्या बुचात, आणि सगळं पाणी त्याच्या बाहेर. कुंडीतलं मिश्रण पीटचं, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या शेवाळाचं असतं. ते एकदा पूर्ण वाळलं की पाणी झिडकारतं. आठवडाभर मी ओली काडी बघून समाधान मानत होते आणि ती काडी खुपसत होते ड्रिपरजवळ.

तिथेच बसल्या बसल्या फेब्रुवारीतलं मेलेलं झाड आठवलं. कुंडीच्या आकारात अलगद हातात आलेलं. दोन वर्षं जमिनीत असून त्याचं एकही मूळ बाहेर पडलं नव्हतं. ते उन्हाने मेलं असं मी सगळ्यांना सांगत होते. ओल्या जमिनीत कोरडी राहिलेली हुंडी घेऊन ते मेलं.

२ जुलै

क्र. ३ काल रात्रीच उचललं. भर उन्हाळ्यात उचलू नये हे माहीत आहे, पण दुसरा मार्ग दिसेना. हुंडी बादलीत बुडवली. सुरुवातीला तरंगली! हाताने दाबून धरली, बुडबुडे पंचेचाळीस मिनिटं येत होते. मग धारदार सुरीने तीन बाजूंनी उभे काप दिले, गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवली आणि पुन्हा त्याच जागी लावलं. एप्रिलमध्येच करायला हवं होतं ते. हुंडी फुटू न देण्याचा नियम माती बांधून काढलेल्या नाजूक रोपांसाठी ठीक आहे. कुंडीत गोल फिरलेल्या मुळांना तो लावायचा नाही.

क्र. १, २ आणि क्वर्सिफोलियाच्या हुंडीत पातळ सळईने सात-आठ भोकं पाडून झारीने लिटर लिटर पाणी दिलं, दर दहा मिनिटांनी, पाच वेळा. पहिले दोन लिटर कडेने वाहून गेले, तिसऱ्यापासून मुरायला लागलं.

ड्रिपर हलवले: एक थेट हुंडीवर, खोडापासून सहा सेंटिमीटरवर, दुसरा हुंडीच्या काठावर, अर्धा आत अर्धा बाहेर. बांबूची काडी आता दोन ठिकाणी खुपसायची. रोज वीस मिनिटं चालणारं पाणी बंद. एक दिवसाआड सव्वा तास, म्हणजे प्रत्येक झाडाला दहा लिटर.

क्र. ३ वर गोणपाटाचा आडोसा केलाय, पश्चिमेकडून.

१६ जुलै

क्र. ३ ची निम्मी पानं गळाली. उरलेली सकाळी ताठ असतात. बुंध्याजवळ दोन डोळे फुगलेत.

आईच्या झाडाच्या पानांना कडेने तपकिरी, कागदासारखी किनार आली आहे. करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही, पण तशी पानं काढायची नाहीत. उरलेल्या हिरव्या भागाचं काम चालू असतं. त्याच्यावर चाळीस टक्के सावलीची जाळी बांधली.

३० जुलै

क्र. १ आणि २ ला तुरे आले, चार-चार. तीन-तीन काढून टाकले, एकेकच ठेवला. आईला वाईट वाटलं, मलाही. पण या वर्षी मला फुलं नकोत, मुळं हवीत.

२० ऑगस्ट

क्वर्सिफोलियाच्या पानांवर बारीक फिकट ठिपके. पांढरा कागद खाली धरून पान झटकलं, तर कागदावर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके चालायला लागले. कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या, गरम, धुळीच्या हवेत होणारच. पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवसांच्या अंतराने चार वेळा, सकाळीच. औषध मारायची वेळ आली नाही.

२९ ऑक्टोबर

आईचं झाड हलवलं, घराच्या पूर्वेला, जिथे सकाळी अकरापर्यंत ऊन आणि मग सावली. आदल्या दिवशी भरपूर भिजवलं, मोठा गोळा धरून उचललं. काड्या छाटल्या नाहीत, कारण डोळे असतील तर त्यांच्या टोकांशीच असतील. ते झाड या पट्ट्याचं नव्हतंच, आणि त्याला इथे दोन वर्षं झगडायला लावल्याचं मला वाईट वाटतं.

क्र. २ च्या कडेला हळूच खणून पाहिलं. हुंडीबाहेर चार बोटांवर पांढरी मुळं. दोऱ्याएवढी, पण आहेत.

१० मार्च २०२४

लिटल लाइमची छाटणी. प्रत्येक काडीचा वरचा तिसरा हिस्सा काढला, ठसठशीत डोळ्यांच्या जोडीच्या जरा वर. पेन्सिलीपेक्षा बारीक काड्या मुळापासून काढल्या. कमी काड्या म्हणजे तुरे मोठे आणि पानांचा भारही बेताचा. क्वर्सिफोलियाला हात लावला नाही.

आच्छादन कुजून तीन सेंटिमीटर उरलं होतं, पुन्हा सातवर आणलं.

५ मे

ड्रिपर दोनाचे चार केले. दोन हुंडीच्या काठाशी, दोन पस्तीस सेंटिमीटरवर. गेल्या वर्षी जवळपास हेच अंतर चुकीचं होतं, या वर्षी बरोबर आहे, कारण आता तिथवर जायला मुळं निघाली आहेत. चार दिवसांतून एकदा दीड तास, म्हणजे झाडामागे चोवीस लिटर. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी खणून पाहिलं, ओल पस्तीस सेंटिमीटरपर्यंत पोचली होती.

२३ जून

क्वर्सिफोलिया फुलली. सात तुरे, पांढरेशुभ्र.

पूर्वेला नेलेल्या आईच्या झाडालाही दोन गुच्छ आलेत. तिने सकाळच्या वहीत ते सगळ्यात आधी लिहिलंय, काडीच्याही आधी.

१४ जुलै

लिटल लाइम फुलायला लागली. तुरा जवळून पाहण्यासारखा असतो. वरवर फुलं वाटतात त्या चार पाकळ्या खरं तर निदलं, म्हणजे कळीला बाहेरून झाकणारी पानं. त्यांच्या मधोमध, तुऱ्याच्या आत, तांदळाच्या कणीएवढी खरी फुलं, आणि सकाळी सातला तिथे मधमाश्या. आधी पोपटी, मग मलईसारखा रंग.

क्र. १ ला अकरा तुरे, क्र. २ ला चौदा, क्र. ३ ला पाच. क्र. ३ बाकीच्यांपेक्षा वीतभर बुटकं आहे, पण उभं आहे.

११ ऑगस्ट

सलग आठ दिवस कमाल तापमान ३८ अंशांच्या वर. हीच परीक्षा होती. आम्ही चार दिवसांचं अंतर तीनवर आणलं, बाकी काही बदललं नाही. दुपारी पाइप एकदाही उचलला नाही.

दुपारी तीनला क्र. १ आणि ३ ची पानं उतरायची. सात वाजता अर्धी सावरलेली, रात्री ताठ. क्र. २ ची फक्त टोकं वाकली. क्र. १ वर भिंतीकडच्या बाजूची नऊ पानं करपली, आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या तीन तुऱ्यांची निदलं तपकिरी झाली. क्र. १ आतल्या कोपऱ्यात आहे, दोन्ही बाजूंच्या भिंतींची धग त्यालाच लागते. पुढच्या वर्षी तिथे वेल चढवून भिंत झाकता आली तर बघायचं.

२२ सप्टेंबर

रात्री गार व्हायला लागल्या आणि तुरे गुलाबी होऊ लागले. हा रंग जमिनीच्या आम्लतेवर अवलंबून नाही. मॅक्रोफिलाचा निळा-गुलाबी खेळ मातीतल्या ॲल्युमिनियममुळे होतो, हिचा गुलाबी वयाने आणि गार रात्रींनी येतो. म्हणूनच भिंतीच्या धगीतलं क्र. १ अजून मळकट पांढरं आहे, आणि मोकळ्या बाजूचं क्र. ३ सगळ्यात गडद.

तुरे काढणार नाही, थंडीभर राहू देत. क्र. २ वरचा एक जुना तुरा भिंगाखाली पाहिला. या वेळी बोंड सापडलं. वर रुंद, खाली निमुळतं, काठावर तीन बारीक शिंगं. घडाच.

२० ऑक्टोबर

क्र. ३ च्या बाजूला खणलं, मोकळ्या बाजूने. खोडापासून पंचेचाळीस सेंटिमीटरवर पहिलं पांढरं मूळ लागलं. मग खोडाकडे सरकत गेले, जुलै २०२३ मध्ये जिथे रंगाची रेघ दिसली होती तिथवर. आई विजेरी धरून शेजारी बसली होती. दोघींनी शोधलं, पण हुंडीची कड सापडली नाही. आत बाहेर एकच माती, एकाच रंगाची, मुळांनी विणलेली.

खड्डा बुजवला, आच्छादन वर ओढलं. आतले दोन ड्रिपर मार्चमध्ये बाहेर सरकवायचे आहेत, पन्नास सेंटिमीटरवर.